थंडीत पेडल रिकामं फिरतं, चाक ढिम्म: गोठलेल्या फ्रीहबचं काय करायचं

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या सायकलचा आजार हाच आहे की दुसरा, ते लगेच कळेल.

घरात सायकल अगदी नीट असते. गॅरेजमध्ये चाक उचलून पेडल फिरवलं की मागचं चाक गरगर फिरतं, टिकटिक आवाजही झकास येतो. मग गाडीच्या मागच्या रॅकवर चढवून ट्रेलवर नेता. बर्फावर पंधरा-वीस मिनिटं मजेत जातात. एक लांब उतार पाय न हलवता उतरता, खाली येऊन पेडल मारता आणि पाय एकदम रिकामा जातो. चेन फिरते, कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) फिरते, चाकाला मात्र पत्ताच नसतो. कधी दोन-तीन रिकाम्या फेऱ्यांनंतर खाडकन पकडतं, कधी पकडतच नाही. पेडल उलटं फिरवलं तर नेहमीची टिकटिक गायब, नाहीतर अगदी दबकी, पाण्याखालून आल्यासारखी. आणि सगळ्यात संताप आणणारं लक्षण म्हणजे घरी आणून तासभर ठेवली की सायकल पुन्हा शहाण्या बाळासारखी वागते. दुकानात नेली तर तिथला माणूस दोनदा पेडल फिरवून बघतो, मग तुमच्याकडे बघतो.

माझ्यावर ही पाळी पहिल्यांदा आली ती उभ्या चढावर. सीटवरून उठून सगळं वजन उजव्या पेडलवर टाकलं आणि पेडल दगा देऊन खाली गेलं. छाती हँडलबारवर, गुडघा फ्रेमवर. मागून येणाऱ्या मित्राला आधी वाटलं चेन तुटली.

मी मूळचा सांगलीचा. तिकडे सायकलला थंडीचा त्रास म्हणजे पहाटे हाताला हँडल गार लागतं, एवढाच. आता बरीच वर्षं अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनिआपोलिसला आहे आणि आमचा पाच-सहा जणांचा कंपू हिवाळाभर शनिवारी सकाळी जाड टायरच्या फॅटबाईक घेऊन निघतो. कधी थिओडोर वर्थ पार्क, कधी ईगनचं लेबनॉन हिल्स, बहुतेक वेळा ब्लूमिंग्टनला मिनेसोटा नदीच्या काठाकाठानं जाणारी वाट, जिला इथे सगळे रिव्हर बॉटम्स म्हणतात. जानेवारीत सकाळी उणे १५, उणे २० सेल्सियस ही इथली रोजची गोष्ट. ३० जानेवारी २०१९ ला तर पारा उणे ३३ पर्यंत उतरला होता. एका हिवाळ्यात आमच्या कंपूतल्या तीन सायकली याच दुखण्यानं बसल्या. तेव्हापासून ‘हब उघडणारा’ ही पदवी मला चिकटली आहे.

आत नेमकं काय अडतं

चाकाचा मधला भाग म्हणजे हब, आणि कॅसेट त्याच्या ज्या नळीवर बसते तो फ्रीहब. त्याच्या अंगात तीन ते सहा छोट्या पोलादी जिभा असतात. आपल्याकडच्या सायकलवाल्यांच्या भाषेत ही कुत्री. ‘फ्रीची कुत्री गेली’ हे वाक्य लहानपणी कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात ऐकलेलं, ते इथे इतक्या वर्षांनी कामाला आलं. प्रत्येक कुत्र्यामागे नखाएवढी स्प्रिंग असते. ती कुत्र्याला बाहेर ढकलते, कुत्रं हबच्या आतल्या दातेरी कड्यात अडकतं आणि पेडलचा जोर चाकाला मिळतो. पाय थांबवला की दाते कुत्र्यांना आत दाबत पुढे सरकतात. टिकटिक होते ती यामुळे.

ही स्प्रिंग फार अशक्त असते, बोटाच्या टोकानं सहज दबते. भोवतीचं ग्रीस थंडीत खरवसासारखं घट्ट झालं, किंवा आत शिरलेल्या पाण्याचं बर्फ झालं, तर आत दाबलेलं कुत्रं तिला बाहेर काढता येत नाही. म्हणून हा बिघाड नेहमी पाय थांबवल्यानंतर उघडा पडतो. सतत पेडल मारत असाल तर कुत्री दात्यांत अडकलेलीच असतात आणि सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं.

म्हणजे संशयित दोनच आहेत, ग्रीस आणि पाणी. त्यांतला कोणता हे ओळखलंत की निम्मी दुरुस्ती झाली. आणि ते ओळखायला पान्यापेक्षा आठवण जास्त लागते. हब गोठला तो कधी, आणि त्याच्या आदल्या दिवशी सायकल कुठे होती?

१. दुसराच आजार नाही ना, ते बघा (खर्च शून्य, वेळ एक मिनिट)

सायकल उभी करा, मागचं चाक उचला, हातानं पेडल पुढे फिरवा आणि कॅसेटकडे नीट बघा.

चेन कॅसेटवरून सरकून उड्या मारत असेल तर फ्रीहबला दोष देऊ नका. दात्यांच्या फटीत बर्फ ठासून बसलेला असतो, चेन दात्यांत उतरतच नाही, वरून घसरते. छोट्या चक्रांवर हे जास्त होतं. काडीनं, किल्लीनं, जे मिळेल त्यानं बर्फ कोरून काढा, संपलं. गिअर बदलत नसेल पण पेडल पकडत असेल तर केबलच्या नळीत पाणी गोठलंय. ते वेगळं प्रकरण. एकाच गिअरवर घरी येता येतं.

कॅसेट व्यवस्थित फिरतेय, चेन दात्यांत घट्ट बसलीय आणि चाक मात्र जागचं हलत नाही, असं असेल तरच पुढे वाचा.

२. हळू फिरवा, मग झटक्यात फिरवा (खर्च शून्य)

ही परीक्षा मी ट्रेलवरच करतो, कारण घरी आणलं की पुरावा वितळून जातो. ब्रेक दाबून चाक अडवा आणि हातानं पेडल अगदी सावकाश पुढे ढकला. मग ब्रेक सोडून, पेडल जरा मागे फिरवून, झटक्यात पुढे ढकला.

सावकाश ढकलल्यावर पकडतं पण झटक्यात निसटतं, तर कुत्री हलताहेत, फक्त आळशी झाली आहेत. हे बहुतेक वेळा घट्ट ग्रीस. कसंही फिरवलं तरी पकडत नाही, तर कुत्री जागीच चिकटली आहेत. माझ्या अनुभवात अशा दहांतल्या सात-आठ वेळा आत बर्फ निघतो.

जोडीला आवाजही ऐका. टोपी आणि कानपट्टी वर करा, पेडल उलटं फिरवा. सगळी टिकटिक एकदम गेली असेल तर सगळी कुत्री बसली. आवाज लंगडा येत असेल, म्हणजे टिक... टिकटिक... टिक असा, तर एखाद-दुसरंच कुत्रं चालू आहे. हा लंगडा आवाज पूर्ण शांततेपेक्षा वाईट. तिघांचं ओझं एकट्यानं वाहणारं कुत्रं उभ्या चढावर तुटतं किंवा कड्याचे दाते उडवतं, आणि मग साध्या साफसफाईचं काम नव्या हबवर जातं. असा आवाज आला की उभं राहून जोर लावणं बंद.

काही हब मुळातच आवाज करत नाहीत, त्यांची आतली रचना वेगळी असते. त्यांना आवाजाची परीक्षा लावू नका.

३. सायकल रात्री कुठे होती? (खर्च शून्य, पण प्रामाणिक उत्तर लागतं)

आमच्या कंपूतल्या एका नागपूरकराचा हब दर शनिवारी गोठायचा. तीन आठवडे आम्ही डोकं खाजवलं. शेवटी कळलं की गडी सायकलवर अपार जीव असल्यामुळे शुक्रवारी संध्याकाळची छोटी फेरी झाली की तिला थेट दिवाणखान्यात आणून उभी करायचा आणि पहाटे सहाला पुन्हा बाहेर काढायचा.

घरात २० अंश आणि हवेत ४० टक्के दमटपणा असेल तर साधारण ६ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. उणे १८ वरून आत आलेली सायकल म्हणजे फ्रीजमधून काढलेली बाटलीच. फ्रेमवर पाण्याचे थेंब दिसतात, ते आपण पुसतो. हबच्या आतले दिसत नाहीत. ते रात्रभरात पूर्ण वाळले नाहीत तर सकाळी बाहेर नेल्यावर तिथेच गोठतात.

म्हणून दोनच पद्धती ठीक. एक तर सायकल पूर्ण हिवाळा थंड जागेतच ठेवा, गरम न केलेल्या गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत झाकून. थंड राहिलेल्या सायकलवर दव धरतच नाही. नाहीतर आत आणायचीच असेल तर दोन-तीन दिवस आत राहू द्या, पूर्ण वाळू द्या. संध्याकाळी आत आणि सकाळी बाहेर, हा मधला मार्ग सगळ्यात घातक. नागपूरकराला हे पटायला वेळ लागला. पण सायकल गॅरेजमध्ये गेली आणि त्याचा हब त्या मोसमात पुन्हा गोठला नाही. पाना हातात न घेता केलेली माझी ही सगळ्यात यशस्वी दुरुस्ती.

४. पाणी आणखी कुठून आलं असेल?

गाडीच्या मागच्या रॅकवर सायकल नेत असाल तर पुढच्या गाड्यांच्या चाकांखालचा सगळा चिखलबर्फ तिच्यावर उडतो. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तो राडा उणे तापमानातही पातळच राहतो आणि हबच्या सीलच्या (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) फटीतून आत झिरपतो. मिठाचं पाणी लवकर गोठत नाही हे खरं, पण बेअरिंग मात्र खाऊन टाकतं. मागच्या चाकाच्या मध्यावर जाड प्लॅस्टिक पिशवी बांधून नेली तरी पुष्कळ फरक पडतो. दिसायला भिकार दिसतं, चालायचंच.

दुसरा दरवाजा म्हणजे धुलाई. ऑक्टोबरमधल्या चिखलानंतर जोरदार फवाऱ्यानं सायकल धुतली असेल तर ते पाणी सील ओलांडून आत गेलेलं असू शकतं आणि डिसेंबरपर्यंत निवांत बसून राहतं. हिवाळ्यात हबजवळ फवारा नको. बर्फ ब्रशनं झाडा, बाकीचं ओल्या फडक्यानं पुसा.

५. चमचा आणि फ्रीजर (खर्च शून्य, वेळ एक रात्र)

घर, रॅक, धुलाई, कशाचाच गुन्हा निघाला नाही आणि हब दर वेळी एका ठरावीक थंडीखाली गेला की बसतो, उणे १० ला ठीक आणि उणे १८ ला बंद, तर संशय ग्रीसवर. कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच हबमध्ये भरपूर आणि घट्ट ग्रीस असतं. उन्हापावसात ते चांगलं टिकतं, इथल्या जानेवारीत नडतं. काही वेळा दोष कारखान्याचाही नसतो. कुणीतरी मायेनं सर्व्हिसिंग करताना बेअरिंगचं जाड ग्रीस कुत्र्यांच्या खोबणीतही थापलेलं असतं. मला तर हेच जास्त वेळा सापडलंय.

हब उघडण्याआधी ग्रीसची परीक्षा घ्या. स्टीलच्या चमच्याच्या पाठीवर घरातल्या प्रत्येक ग्रीसचा आणि तेलाचा एकेक पातळ फराटा ओढा आणि चमचा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. घरगुती फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो, म्हणजे आमची साधी सकाळ. दुसऱ्या दिवशी काडीनं ढकलून बघा. काही ग्रीस मेणासारखी कडक झालेली असतात, काही अजून लोण्यासारखी सरकतात. कुत्र्यांच्या वाट्याला फक्त सरकणारं जायला हवं. आमच्या फ्रीजरमध्ये हा चमचा खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी होता. त्यावर बायकोनं जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तुम्ही चमचा पिशवीत बंद करून ठेवा, आणि तो परत जेवणात वापरू नका.

६. ट्रेलवरच बसला तर

गाडीपर्यंत पोचायचं आहे, एवढंच इथे ध्येय.

आधी झटके देऊन बघा. चाक उचलून पेडल जोरात मागे-पुढे वीसेक वेळा हलवा, मधेच टायरवर तळहातानं थापा मारा. थोडं चिकटलेलं असेल तर सुटतं. सुटलं तर नंतर उतारावरही पाय थांबवू नका, ब्रेक दाबत दाबत हळूहळू पेडल मारत राहा, म्हणजे कुत्री आत दाबली जाणार नाहीत.

नाही सुटलं तर हात गरम करायच्या पुड्या. त्यातली लोखंडाची पूड हवेशी रासायनिक क्रिया होऊन तापते, म्हणून पुडी आधी उघडून खिशात तापू द्या. मग दोन पुड्या हबभोवती धरून वरून गळपट्टी सैल गुंडाळा. घट्ट आवळली तर हवा मिळत नाही आणि पुडी थंडच पडते. पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही मात्र एका जागी उभे राहू नका, बर्फात येरझाऱ्या घाला.

थर्मासमधला चहा हबवर ओतू नका. हे सांगावं लागतंय, कारण आमच्यातल्या एकानं ओतला होता. आलं घातलेला, साखरेचा. दोन मिनिटं चाललं, मग तो चहासुद्धा आत गोठला. घरी उघडल्यावर कुत्री गोड चिकट पाकात बसलेली सापडली. लघवीचा सल्लाही कुणी ना कुणी देतोच. तिचंही तेच होतं, वर हब मलाच उघडायला लागतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली सोबत असेल तर फ्रीहबच्या मागच्या फटीत थोडं सोडता येतं. ते उणे २० ला गोठत नाही आणि बर्फ सोडवतं. पण ते ग्रीसही धुऊन नेतं, म्हणजे घरी जाऊन हब उघडणं आलंच. बाटली सायकलच्या पिशवीत असेल तर ते द्रवही उणे २० चंच असतं हे विसरू नका. उघड्या बोटांवर सांडलं तर तिथली कातडी जागच्या जागी गारठून इजा होते. हातमोजे घालून, जपून. ज्वाळेजवळ तर अजिबात नको.

शेवटचा जुगाड म्हणजे कॅसेटचं सगळ्यात मोठं चक्र मजबूत दोरीनं स्पोकना बांधणं, पाच-सहा ठिकाणी. प्लॅस्टिकच्या पट्ट्या या थंडीत काचेसारख्या तडकतात, म्हणून दोरी. आता चाक आणि पेडल एक झाले. पेडल थांबवायचं नाही, कारण फिरतं चाक चेन ओढत राहील आणि मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) उखडून काढेल. म्हणून हा जुगाड फक्त सपाट वाटेवर, चालण्याच्या वेगानं. चढ-उताराच्या वाटेवर सरळ सीट खाली करा, एका पायानं स्कूटरसारखं रेटत जा. मित्राच्या सीटला पट्टा बांधून ओढून घेणं हाही एक मार्ग, फक्त बर्फाच्या गुळगुळीत तुकड्यांवर दोघंही एकदम आडवे होतात.

७. हब उघडणं (खर्च थोडा, वेळ दोन तास)

हे काम ऐकायला वाटतं तितकं अवघड नाही, पण आधी तुमचा हब कुठल्या जातीचा ते बघा. बऱ्याच हबमध्ये उजव्या बाजूची टोपी हातानं ओढली की निघते आणि मागोमाग फ्रीहब कॅसेटसकट बाहेर येतो. कॅसेट काढू नका, धरायला चांगली मूठ मिळते. काही हबमध्ये कुत्र्यांऐवजी दोन दातेरी चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात. तेही असेच उघडतात, आणि त्यांना कंपनीनं सांगितलेलं ग्रीसच पातळ लावायचं. शिमानोच्या बहुतेक हबमध्ये फ्रीहब आतून पोकळ बोल्टनं आवळलेला असतो आणि त्याचं पोट उघडायचं नसतं. तसा असेल तर इथेच थांबा आणि खालचा दुकानाचा भाग वाचा.

सायकल आधी दोन दिवस घरात वाळू द्या. मग टेबलावर पांढरा टॉवेल पसरा आणि चाक त्यावर आडवं ठेवा. फ्रीहब सावकाश, सरळ ओढा. कुत्री आणि स्प्रिंगा उडतात, आणि काळ्या गालिच्यावर पडलेली स्प्रिंग देवालाही सापडत नाही. बाहेर येताच कशालाही हात लावायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. स्प्रिंगचं कुठलं टोक कुठे होतं हे तासाभरानं आठवत नाही.

आता नाक जवळ न्या आणि बघा. चहाच्या रंगाचं पाणी किंवा गंजाची पूड दिसली तर गुन्हेगार पाणी. पिवळट-हिरवट ग्रीसचा गोळा खोबणीत ठासलेला दिसला तर ग्रीस. दोन्ही एकत्र असतील तर पांढुरकं, दह्यासारखं मिश्रण निघतं. माझ्याकडे येणाऱ्या सायकलींत हे दही सगळ्यात जास्त.

गावाकडे फ्रीव्हील रॉकेलच्या वाटीत बुडवून ठेवत. इथे मी अल्कोहोल आणि कानातल्या कापसाच्या काड्या वापरतो. खोबण्या, कुत्र्यांच्या पाठी, आतलं दातेरी कडं, सगळं पुसा. बेअरिंगमध्ये अल्कोहोल जाऊ देऊ नका, तिथलं ग्रीस तिथे राहिलेलंच बरं. मग तासभर वाळू द्या. इथे घाई केलीत तर पुढच्या शनिवारी पुन्हा हेच.

वाळल्यावर प्रत्येक कुत्र्याच्या खोबणीत पातळ तेलाचा एक थेंब. एकच. चमच्याच्या परीक्षेत पास झालेलं, थंडीत वाहणारं तेल. ग्रीस फक्त सीलच्या ओठावर पातळ बोट फिरवल्यासारखं, पाणी अडवायला. तेल लवकर उडतं, म्हणून मी जानेवारीच्या शेवटी एकदा पुन्हा उघडतो आणि एप्रिलमध्ये परत ग्रीस भरतो. उत्तर मिनेसोटात जानेवारीअखेर ॲरोहेड १३५ नावाची १३५ मैलांची शर्यत असते, म्हणजे सुमारे २१७ किलोमीटर. असल्या वाटेला जाणारे अनुभवी लोक हबचं ग्रीस बदलूनच निघतात.

बसवताना कुत्री बाहेर उभी राहतात आणि आत शिरू देत नाहीत. कुत्र्यांभोवती शिवणाच्या दोऱ्याचा एक वेढा द्या, ओढून कुत्री दाबा, फ्रीहब आत सरकवा, आणि कुत्री कड्यात शिरताच दोरा हळूच ओढून काढा. किंवा फ्रीहब घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवत आत ढकला. मला दोराच बरा वाटतो. टोपी लावण्याआधी हातानं फिरवून आवाज ऐका, टिकटिक एकसारखी यायला हवी. मग चाक रात्रभर बाल्कनीत ठेवा आणि सकाळी तिथेच, घरात न आणता, दोन नंबरची परीक्षा पुन्हा घ्या. ज्यांच्या गावात एवढी थंडी नाही त्यांनी बसवण्याआधी फक्त फ्रीहब डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि सकाळी प्रत्येक कुत्रं बोटानं दाबून सोडावं. ताबडतोब उसळी मारून बाहेर आलं पाहिजे. रेंगाळलं तर तेल बदला.

८. इथे हात थांबवा, दुकानात जा

कुत्र्याची धार गोल झालेली किंवा तुटलेली दिसली. आतल्या कड्याचा एकही दाता उडालेला असेल. फ्रीहब बसवल्यावर कॅसेट बोटांनी धरून हलवली तर डगडगते. बेअरिंग फिरवताना वाळू असल्यासारखं खरखरतं. सील फाटलंय. टोपी हातानं निघत नाही आणि तुमचा हात हातोडीकडे जाऊ लागला आहे. यातलं काहीही असेल तर थांबा. बेअरिंग दाबून बसवायला योग्य साधन लागतं, तिरकं बसलं तर हबचं घरच खराब होतं. सायकल वॉरंटीत असेल तर सात नंबरचं कामसुद्धा स्वतः करू नका.

सगळं साफ करून, सायकल थंडीत ठेवूनही तिसऱ्यांदा गोठला तर तुमच्या नजरेतून काहीतरी सुटतंय. तेव्हाही दुकान.

९. ट्रेलवर कधी थांबायचं

बिघाडाच्या नादात माणूस गारठतो. पेडल मारताना आलेला घाम थांबल्यावर पाच मिनिटांत बर्फासारखा लागायला लागतो. उणे १८ सेल्सियस आणि ताशी २४ किलोमीटर वारा असेल तर उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. म्हणून आमच्या कंपूचा नियम असा की हबवर वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही. सुटला तर ठीक, नाही तर सायकल ढकलत परत. एकट्याला मागे सोडायचं नाही, दोघं सोबत चालतात. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायचा, बाहेरच्या खिशात त्याची बॅटरी बघता बघता मान टाकते.

बोटं किंवा नाकाचा शेंडा पांढरट, मेणचट आणि बधिर झाला, किंवा कुणी अडखळत, असंबद्ध बोलायला लागला, तर सायकल झाडाला टेकवून सोडा आणि ९११ ला फोन लावा. सायकल दुसऱ्या दिवशी आणता येते.

आणि ढकलत जाताना जवळची वाट म्हणून नदीच्या बर्फावर उतरू नका. इथलं नैसर्गिक संसाधन खातं चालत जायला किमान ४ इंच नव्या, स्वच्छ बर्फाची जाडी सांगतं, पण वाहत्या पाण्यावर ती जाडी दर चार पावलांवर बदलते. रिव्हर बॉटम्सला तर काठालगत झऱ्यांचं पाणी येतं, वरून पांढरं दिसतं आणि खाली पोकळ असतं.

दुकानात नेताना

‘कधी कधी पेडल फिरतं’ एवढंच सांगितलंत तर सायकल गरम खोलीत ठेवून, ‘काही बिघाड नाही’ असं लिहून परत येईल. माझी आली होती, बिलासकट. त्याऐवजी ट्रेलवर, चाक उचलून, पेडल रिकामं फिरताना दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा, आवाज ऐकू येईल इतक्या जवळून. तारीख, तापमान, आदल्या रात्री सायकल कुठे होती आणि किती मिनिटांनी बसला, हे एका कागदावर लिहून मागच्या चाकाच्या स्पोकला बांधा. आणि शक्य असेल तर सकाळी दुकान उघडताना, रात्रभर थंडीत ठेवलेली सायकल गाडीच्या मागच्या रॅकवरून थेट आत न्या, म्हणजे हब अजून गोठलेला असतानाच त्यांच्या हातात पडेल.